मोजणीतली मुलगी

“मुलगी इथं राहते का?” वसाहत शाखेच्या गुंजाळांनी विचारलं.

“खोली मिळाली की राहील,” मी म्हणालो.

“तसं नसतं हो दुसाने. मुलगी राहत असेल तर खोली मिळते.”

“अहो, पण कोर्ट म्हणतंय, आधी वेगळी खोली दाखवा, मगच मुलगी राहायला येईल!”

“मग कोर्टालाच मागा की खोली.”

एवढं बोलून त्यांनी माझा अर्ज दोन बोटांत धरून टेबलाखालच्या टोपलीत सोडला. त्या टोपलीत पूर्वी लसूण ठेवत असावेत. तिथून परत आलेल्या प्रत्येक कागदाला लसणाचा वास यायचा. माझ्या अर्जाला तो तीन वेळा लागून झाला होता, ही चौथी.

पिंपळधरा धरणाच्या वसाहतीत मी तेव्हा आरेखक होतो. सोप्या भाषेत, नकाशे काढायचो. आणि गंमत बघा, त्या वसाहतीतल्या एकशे वीस घरांचे नकाशे माझ्याच हातचे. दोन खोल्यांच्या घरातली मागची खोली मी दहा बाय अकराची केली, तिची खिडकी साहेबांशी भांडून पूर्वेला घेतली. म्हटलं, पोरं अभ्यासाला बसतील तर सकाळचं ऊन यायला पाहिजे. त्या खोलीत माझी गौतमी पाच वर्षांची होईपर्यंत वाढली.

मग तिची आई तिला घेऊन कोपरगावला भावाकडे निघून गेली. का गेली? माझ्या तोंडामुळे गेली. माझा स्वभाव तापट. आजही आहे, फक्त आता गुडघे धरतात म्हणून ताडकन उठता येत नाही, एवढाच फरक. तेव्हा मात्र मी सगळं खापर मेहुण्यावर फोडायचो.

विजया गेली मंगळवारी. पुढच्या सोमवारी मला वसाहत शाखेची नोटीस आली. ‘आपल्या कुटुंबसंख्येत दोनने घट झाल्याचे निदर्शनास आल्याने आपण एका खोलीस पात्र आहात.’ कालव्याला भगदाड पडल्याचं माझं पत्र त्याच कचेरीत आठ महिने धूळ खात होतं, पण माझी बायको गेल्याचं त्यांना सहा दिवसांत कळलं. पंधरा दिवसांत मी एका खोलीत आलो. मोरी, ओटा, खाट, आणि खाटेखाली संसार.

महिन्यातल्या एका शनिवारी जिल्ह्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मला गौतमी भेटायची. दोन तास. शेजारच्या बाकावर समुपदेशक बाई स्वेटर विणत बसायच्या आणि आमच्याकडे कान द्यायच्या. नऊ वर्षांच्या पोरीशी असं परक्यासमोर काय बोलणार? “जेवलीस का?” “हो.” “अभ्यास?” “चाललाय.” दीड तास उरायचा. मग मी वहीत तिला घरं काढून दाखवायचो आणि ती त्यांना रंग द्यायची. एकदा तिनं विचारलं, “बाबा, तुमच्या घरात मी कुठं झोपणार?” मी काढलेल्या घरात बोट ठेवलं, ती पूर्वेची खिडकी दाखवली. बाईंनी सुया थांबवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विणायला लागल्या.

जज्जसाहेबांनी सप्टेंबरात सांगितलं होतं, वडिलांकडे मुलीसाठी वेगळी खोली असल्याचा कागद आणा, म्हणजे दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत मुक्कामाला हरकत नाही. नाहीतर आहे तोच व्हरांडा. तारीख पडली वीस ऑक्टोबरची.

आणि खोली मिळायचा एकच रस्ता होता, मोजणी.

वर्षातून दोनदा गुंजाळ रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचे. मोजणीच्या वेळी घरात जेवढी माणसं डोळ्यांना दिसतील तेवढं कुटुंब, असा नियम. मोजणी ‘अचानक’ असायची, म्हणजे आठवडा ठरलेला, दिवस तेवढा गुप्त. पण आदल्या दिवशी गुंजाळांचा शिपाई प्रत्येक गल्लीत एका घरी सांगून जायचा, “उद्या साहेबांना पोह्यात शेंगदाणे नको.” की झालं, अख्ख्या वसाहतीला कळायचं.

ऑक्टोबरच्या त्या शनिवारी शेजारच्या आव्हाडवहिनी माझ्या दारात आल्या. आव्हाड वायरमन होते. वहिनी मनाच्या मोठ्या, आवाजाच्या त्याहून मोठ्या.

“भाऊजी, उद्या मोजणी हाये. तुमच्या पोरीचं काय केलं?”

“काय करणार? ती कोपरगावला.”

“लिव्हलं का नाही तिच्या आईला?”

लिहिलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी. ‘दहा ते बारा ऑक्टोबरच्या दरम्यान मोजणी आहे, रविवारी, अकरा तारखेचीच शक्यता. गौतमीला त्या दिवशी इथं हजर ठेवलंस तर तिला खोली मिळेल. नाही ठेवलंस तर तुझ्या भावाचा विजय असो.’ हे शेवटचं वाक्य खोडायला पाहिजे होतं. नाही खोडलं. उत्तर आलं नव्हतं.

“ती कशाला पाठवतेय,” मी म्हणालो.

वहिनींनी कमरेवर हात ठेवले. “मग आमची छबू न्या की! न्हाऊ घालून, वेणी घालून पाठवते सकाळी.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी लालबुंद झालो. वसाहतीत ही उसनवारी सर्रास चालायची, मला माहीत होतं. पंपचालकाची आई, तिला सगळे जिजी म्हणायचे, ती चार घरांत मोजली जायची. पुढच्या दारानं गुंजाळ बाहेर पडले की मागच्या दारानं जिजी पुढच्या घरात. चार घरांत चार नावं. ती कुरकुर करायची, “दोन नंबरच्या घरात मला चष्मा लावायला लावत्यात, काय दिसत नाय मला.” घरांना मागची दारं मीच दिली होती. हवा खेळावी म्हणून.

“वहिनी, माणसं काय उसनी आणायची वस्तू आहेत का? मी असले धंदे करत नाही.”

“नका करू. मग बसा त्या व्हरांड्यात घरं काढत.”

हे त्यांना कुणी सांगितलं? मीच कधीतरी सांगितलं असणार. खाटेवर बसून राहिलो. खाटेखाली गौतमीसाठी दिवाळीला घेतलेला पिवळा फ्रॉक होता, झालरीचा. तोच काढून मी वहिनींच्या हातात दिला.

“यंदा एक नवीन हाये बरं,” जाताना वहिनी म्हणाल्या. “जिजीच्या भानगडी वर कळल्या म्हणं. रजिस्टरात नवा रकाना घातलाय, ओळखखूण. गुंजाळ तोंडं निरखून लिव्हणार.”

“मग जिजीचं काय?”

“तिच्या हातावर गोंदलंय ना. दोन घरांत डावा हात दाखवणार, दोन घरांत उजवा.”

रविवारी सकाळी आठला छबू हजर. आठ वर्षांची, तरतरीत, हनुवटीवर डावीकडे चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा तीळ. फ्रॉक तिला अंगाबरोबर बसला. आल्या आल्या तिनं मलाच धडे द्यायला सुरुवात केली.

“मी तुम्हाला बाबा म्हणू का पप्पा?”

“बाबा.”

“माझा वर्ग कंचा?”

“तिसरी ब.”

“मी हुशार हाये का ढ?”

“हुशार आहेस.”

“मग बरं.” ती पाय हलवत खाटेवर बसली. “मला जेवायला काय आवडतं?”

आता मी अडकलो. चार वर्षं झाली होती. गौतमीला तेव्हा गूळ-तूप-पोळी आवडायची. आता काय आवडतं? व्हरांड्यात मी दर वेळी “जेवलीस का” विचारलं होतं, काय जेवलीस ते कधीच विचारलं नव्हतं.

“ते नाही विचारणार,” मी म्हणालो.

साडेनऊला गुंजाळ आले. मागे शिपाई, हातात शाईची दौत. गुंजाळ बॉलपेननं लिहीत नसत, सरकारी कामात टाक. बसले, घाम पुसला, रजिस्टर मांडीवर उघडलं.

“काय दुसाने, म्हणजे मुलगी राहते तर?”

“आहे ना,” मी म्हणालो. राहते म्हणायला जीभ वळली नाही.

“नाव काय गं बाळ?”

छबू उठून उभी राहिली, दोन्ही हात मागे बांधून, झेंडावंदनाला राहतात तशी. “गौतमी रमाकांत दुसाने, इयत्ता तिसरी तुकडी ब! मी हुशार हाये! मला माझे बाबा लई आवडतात, आन् मला अभ्यासाला वेगळी खोली नसल्यामुळं माझं फार नुकसान होतंय!”

गुंजाळांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

“हं. इकडं ये. वर बघ.” त्यांनी तिची हनुवटी उचलली आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणायची त्यांना सवय. “गौ-त-मी. मुलगी. हजर. ओळखखूण, हनुवटीवर डावीकडे ती-ळ.”

आणि नेमकं तेव्हा दार लोटलं गेलं.

दारात विजया उभी. हातात रेक्झीनची बॅग, केस एसटीच्या वाऱ्यानं विस्कटलेले. आणि तिच्या कमरेला चिकटून गौतमी. माझी. खरी.

ती माझं पत्र मिळाल्यावर आली होती. भावाशी वाद घालून, वकील नको म्हणत असताना, पहाटेची गाडी पकडून. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की गौतमी त्या पिवळ्या फ्रॉककडे बघतेय. तिनं स्वतःचं नावही ऐकलं होतं, बाहेरूनच.

“ह्या कोण?” गुंजाळांनी टाक वर धरून विचारलं.

खरं सांगावं तर खोली गेली, शिवाय आव्हाडही गोत्यात. खोटं बोलावं तर काय बोलावं? पोटच्या पोरीसमोर दुसरीला मुलगी म्हणून उभं केलेलं. विजया माझ्याकडे बघत होती, तिचं तोंड पांढरंफटक पडलेलं. ती एक शब्द जरी बोलली असती तर सगळं संपलं असतं.

बोलली गौतमी.

“आम्ही शेजारच्या,” ती म्हणाली. “साखर मागायला आलोय.”

“साखर मागायला एवढी बॅग?”

“जास्त हवीय.”

शिपाई फस्सकन हसला. गुंजाळ नाही हसले. त्यांनी टाक शाईत बुडवला आणि लिहायला लागले, “पाहुणे, दोन.”

पाहुणे! माझ्या पोरीला! माझ्या घरात! आता, नियमाप्रमाणे ते चुकीचं नव्हतं म्हणा. कोर्टानंसुद्धा तिला माझ्याकडे दोन तासांची पाहुणीच केलं होतं. पण तो शब्द कानांत शिरला आणि माझं डोकं फिरलं.

“थांबा!” मी ओरडलो. “खोडा ते! पाहुणी नाही ती. ती माझी मुलगी आहे. ही गौतमी! ही आव्हाडांची छबू आहे, मी उसनी आणलीय. लिहा, काय लिहायचं ते लिहा. नको मला तुमची खोली!”

छबूनं भोकाड पसरलं, “मी नीट म्हणलं होतं ना सगळं!”

गुंजाळांनी टाक दौतीत ठेवला. मला वाटलं, आता निलंबन. ते शिपायाला म्हणाले, “बाहेर उभा राहा रे.” तो गेल्यावर माझ्याकडे वळले.

“दुसाने, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय का?”

“कळतंय. खरं बोलतोय.”

“खरं-खोटं तुमच्याजवळ ठेवा. मी शाईनं लिहिलंय.” त्यांनी रजिस्टरावर बोट आपटलं. “यात खाडाखोड केली तर समासात कारण लिहावं लागतं. वर कार्यकारी अभियंत्यांची सही, त्याच्यावर अधीक्षक अभियंत्यांची सही. ते विचारणार, गुंजाळ, एका घरात उसनी मुलगी निघाली, बाकीच्या घरांचं काय? मग जिजीला किती वेळा मोजलीत? मग माझी पेन्शन! माझी तीन वर्षं राहिलीत हो.”

“अहो, पण ही खरी मुलगी समोर उभी आहे!”

“असेल. पण मोजली गेलीय ती ही.” त्यांनी रडणाऱ्या छबूकडे हात केला. “आता सरकारदरबारी तुमची मुलगी म्हणजे हनुवटीवर तीळ असलेली. तुम्हाला आवडो न आवडो. दर मोजणीला हाच तीळ मला दाखवायचा.”

शाई वाळेपर्यंत ते पानावर फुंकर मारत बसले. मग उठले. दारातून जाताना गौतमीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “साखर घेऊन जा हो बाळ.”

ते गेले. छबू रडत मागच्या दारानं आईकडे पळाली. तिची चप्पल आमच्याकडेच राहिली.

“पत्र तुम्ही लिहिलंत,” विजया म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “तारीख तुम्ही दिलीत. तरी मी येणार नाही असं कसं धरून चाललात?”

“उत्तर नाही आलं.”

“त्या शेवटच्या वाक्याला काय उत्तर द्यायचं होतं?”

माझ्या आयुष्यात मी तिच्यासमोर गप्प बसलो ती बहुधा पहिलीच वेळ. ती बॅग घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

गौतमी आत आली. चप्पल काढून दारापाशी नीट कडेला लावली, पाहुणे लावतात तशी.

“गौतमी, तो फ्रॉक तुझ्यासाठीच घेतला होता गं. परत आणतो मी.”

“राहू दे तिला,” ती म्हणाली. “मला आखूड झाला असता.”

खरंच, ती छबूपेक्षा टीचभर उंच होती. दुकानात मी हातानं उंची दाखवली होती, ती चार वर्षांपूर्वीची.

“तू साखर का म्हणालीस?”

“मी खरं सांगितलं असतं तर खोली गेली असती ना?” ती खाटेवर बसून इकडेतिकडे बघत म्हणाली. “इथं तर खिडकीच नाहीये, बाबा.”

एकोणीस तारखेला ताबा-आदेश हातात आला. लसणाचा वास होताच. दोन खोल्या, बी सदतीस, माझंच जुनं घर. आनंदानं वाचत गेलो आणि शेवटच्या ओळीशी अडलो. ‘पात्रतेचा आधार : मुलगी कु. गौतमी, वय ९, ओळखखूण हनुवटीवर डावीकडे तीळ.’

दुसऱ्या दिवशी हा कागद जज्जसाहेबांसमोर जाणार होता. गौतमीलाही हजर ठेवायला सांगितलं होतं. विजयाचा वकील म्हणजे तिच्या भावाचा मित्र, कागदाचा मागचापुढचा प्रत्येक शब्द वाचणारा. तीळ वाचणार, पोरीकडे बघणार, आणि मला उभा चिरणार. कागद दाखवावा तर पकडलो, न दाखवावा तर व्हरांडा. काही सुचेना. शेवटी तारखेच्या सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात विजया एकटी सापडली तेव्हा मी कागद तिच्यासमोर धरला.

“हे बघ,” मी म्हणालो. “आता तू ठरव. तू नको म्हणालीस तर मी फाडून टाकतो. भांडणार नाही.”

तिनं कागद वाचला. पुन्हा वाचला. माझ्या हातात परत दिला. मग गौतमीला हाक मारली, “इकडं ये गं.”

आणि विजयानं करंगळीच्या टोकानं स्वतःच्या डोळ्यातलं काजळ टिपलं.

“डावीकडे म्हणजे कुणाच्या? तिच्या का बघणाऱ्याच्या?” तिनं मला विचारलं. इतक्या सरळ आवाजात तिनं मला कितीतरी वर्षांत काही विचारलं नव्हतं.

“तिच्या,” मी म्हणालो.

तिनं गौतमीच्या हनुवटीवर ठिपका ठेवला. जरा लांबून बघितला, पदरानं कड पुसून गोल केला. पलीकडे समुपदेशक बाई स्वेटर विणत होत्या. त्यांनी सगळं बघितलं आणि खाली मान घालून टाके मोजायला लागल्या.

आत वकिलांनी अपेक्षेप्रमाणे शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. जज्जसाहेबांनी चष्मा वर सारला, “मुलगी पुढे आणा” म्हणाले, हनुवटी बघितली आणि कागदावर खूण केली. पोरीला काय हवंय, तिला वडिलांकडे जायला आवडतं का, हे काही त्यांनी विचारलं नाही. तीळ जुळला होता. वकील भडकून म्हणाले, “पण खोली प्रत्यक्षात आहे कशावरून?”

“आहे,” विजया मागून म्हणाली. “मला माहीत आहे. मी राहिलेय तिथं.”

वकिलांनी आपल्याच अशिलाकडे असं बघितलं की मला त्या माणसाची दया आली.

त्या दिवाळीत गौतमी आठ दिवस राहिली. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी ऊन आलं की ती पांघरूण डोक्यावरून ओढायची आणि वैतागून म्हणायची, “बाबा, ही खिडकी दुसरीकडे काढता आली नसती का?” जेवायला तिला काय आवडतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं, शेपूची भाजी. मला शेपूच्या वासानं मळमळतं. आठ दिवस शेपू केली.

पुढच्या मार्चमध्ये आव्हाडांची बदली झाली आणि छबू तीळ घेऊन निघून गेली. मेची मोजणी लागली. आदल्या दिवशी पोह्यांचा निरोप आला तसा मला तो तीळ आठवला. पण गौतमी सकाळी मोरीतून बाहेर आली ती हनुवटीवर ठिपका घेऊनच. काजळाची डबी आईनं बॅगेत दिली होती. काही न बोलता, कपड्यांच्या घडीत ठेवून.

गुंजाळ आले, हनुवटीकडे बघितलं, म्हणाले, “आहे.” एका मोजणीला घाईत तिनं ठिपका उजवीकडे लावला. गुंजाळ लिहिता लिहिता थांबले आणि वर न बघता पुटपुटले, “डावीकडे होता.” ती मोरीत गेली, डावीकडे लावून आली. “आहे,” गुंजाळ म्हणाले आणि लिहिलं.

ते निवृत्त झाले, दुसरे आले. रजिस्टरात लिहिलेलं मात्र तेच राहिलं. गौतमी दहावी झाली, बारावी झाली, ऑक्टोबरात एसटीनं फक्त अर्ध्या दिवसासाठी येऊन ठिपका लावून मोजली जाऊन परत गेली. मी म्हणायचो, “कशाला दगदग करतेस, आता तुला कोर्टाचं बंधन नाही, मला एक खोली पुरे.” ती म्हणायची, “आणि मी आले की कुठं झोपू?” विजया आणि मी काही पुन्हा एकत्र राहायला लागलो नाही. पण ती पत्रं लिहायची, मी उत्तरं द्यायचो. शेवटचं वाक्य दोनदा वाचून.

हे सगळं आठवलं त्याचं कारण असं. मागच्या महिन्यात गौतमी बाळंतपणानंतर पहिल्यांदा माझ्याकडे आली. मी आता तालुक्याच्या गावी राहतो. दोन खोल्या, भाड्याच्या. विजयाही बाळाला बघायला आली होती, आत शेपू निवडत बसली होती. गौतमीनं तीन महिन्यांच्या लेकाला आंघोळ घातली, पावडर लावली, काजळाची डबी उघडली आणि करंगळीनं तीट लावली. कपाळावर नाही, गालावर नाही. हनुवटीवर, डावीकडे.

“अगं, तिथं कुठं लावतेस?” मी म्हणालो. “दृष्ट लागू नये म्हणून तीट कपाळाला लावतात.”

“दृष्टीसाठी नाहीये, बाबा.” तिनं पदरानं ठिपक्याची कड पुसून गोल केली. “मोजणीत धरावं म्हणून.”

आतला शेपूच्या काड्या मोडायचा आवाज थांबला. मी पोराला उचलून घेतलं आणि पूर्वेच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो.